तिसरा लोटा

मागच्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या गच्चीवर चौसष्ट हजार रुपयांचा अंदाज निघाला. पाइप, फिटिंग, प्रेशर पंप, मजुरी, शिवाय मागच्या न्हाणीघराच्या दोन भिंतींच्या टाइल्स फोडून नव्या बसवणं, हे सगळं त्यात आलं होतं. हजर होतो मी, माझी बायको आणि नळाचं काम करणारा मिस्त्री. माझी ऐंशी वर्षांची आई खाली अंगणात खुर्चीवर होती. ती जिना चढत नाही. पण मिस्त्रीचा आवाज खणखणीत, त्यामुळे तिलाही हजरच धरलं पाहिजे.

तक्रार एवढीच होती, की घराच्या मागच्या खोलीला लागून जे न्हाणीघर आहे, तिथल्या नळाला जोर नव्हता. स्वयंपाकघर आणि पुढचं न्हाणीघर यांना टाकीतून वेगळी लाइन आहे, ती ठीक होती. मी नोंद ठेवली होती. पंधरा लिटरची बादली आधी एक मिनिट पन्नास सेकंदांत भरायची, आता सहा मिनिटं दहा सेकंद लागत होते. सलग चार दिवस दोन्ही वेळा मोजलं, आकडा तोच. मिस्त्रीने माझा कागद पाहिला, गच्चीवरचा वॉल्व फिरवला, त्याखालचा जोड खोलला. पाणी भसकन अंगावर आलं तसा त्याने तो लगेच कसला. टाकी ओके, म्हणाला. आठवड्यापूर्वी टाकी धुतली तेव्हा तळाचा गाळ खाली उतरला असणार आणि भिंतीतला क्षार चढलेला पाइप बुजला असणार. फोडल्याशिवाय इलाज नाही. पंधरा दिवस लागतील.

पंधरा दिवस आमच्याकडे नव्हते. मुलगी अकोल्याला दिलेली आहे, तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं माहेरीच व्हायचं असतं, आणि आठव्या महिन्यात आमच्याकडे बाईला हलवत नाहीत. नववा नऊ दिवसांनी लागत होता. त्या दिवशी तिला घेऊन यायचं ठरलेलं, मागची खोली रंगवून तयार, टाकी त्याचसाठी धुतलेली. तिच्या सासूबाई सरळ बाई. त्या फोनवर म्हणाल्या की घरात तोडफोड चालू असेल, सिमेंटची धूळ असेल, तर तिला इथंच राहू द्या. आमच्याकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो हे खरं, पण आम्ही टँकर बोलावू. त्यात चुकीचं काही नव्हतं. मुलगी मात्र एकदाच म्हणाली, "बाबा, मले घरी यायचं हाये." एरवी ती माझ्याशी शुद्ध बोलते.

मी मिस्त्रीला पाच हजार आगाऊ दिले. त्याची स्कूटर कोपऱ्यावरून वळली आणि बायको म्हणाली, "आता तरी त्यांना बोलवा."

त्यांना म्हणजे कोणाला, हे मला विचारावं लागलं नाही.

ते बडनेऱ्याचे आमचे जुने घरमालक. आम्ही लग्नानंतर सहा वर्षं त्यांच्या दोन खोल्यांत राहिलो. ते रेल्वेत होते. जंक्शनवर गाड्या थांबल्या की डब्यांच्या टाक्यांत पाणी भरतात, त्या पाइपलाइनची देखभाल त्यांच्याकडे होती. घर दाखवायला त्यांनी आम्हाला बोलावलं त्या दिवशी खोल्या दाखवल्याच नाहीत. नळ दाखवले. प्रत्येक नळ उघडून, बंद करून, पुन्हा उघडून. माझ्या बायकोने विचारलं की खिडकी कुठल्या बाजूला उघडते, तर म्हणाले, "खिडकीचं काय हाये वहिनी, वारा कुटूनबी येते. पानी एकाच जागून येते."

भाड्याची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. भाडं वेळेवर द्यावं असं त्यात कुठे नव्हतं. नळ गळत असेल तर त्याच दिवशी सांगावं, हे मात्र दोनदा होतं.

ते घड्याळ वापरत नसत. वेळ मोजायची झाली तर स्टेशनं म्हणत. बडनेरा, टाकळी, कुरुम, माना, मंडुरा, मूर्तिजापूर, असं अकोल्यापर्यंत, एका ठरावीक चालीत. लोटा नळाखाली धरायचा आणि सुरू. त्यांच्या हिशेबात चांगल्या नळाचा लिटरभराचा लोटा मान्याला भरला पाहिजे. मूर्तिजापूर आलं तर वॉशर पाहायचा. काटेपूर्णा ओलांडली तर काहीतरी गडबड आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिशातलं घड्याळ काढून पडताळून पाहिलं होतं. चार स्टेशनं, सात सेकंद. दहा वेळा म्हणवून घेतलं, दहाही वेळा सात. तेव्हापासून त्यांच्याबद्दल एक आदर मनात होता, पुढे भांडण झालं तरी तो गेला नाही.

आणखी एक सवय होती, तिचा त्रास व्हायचा. त्यांच्याकडे हातभर लांबीची सागाची काठी होती. तिचं एक टोक पाइपाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून बसायचं. अंगणातल्या मुख्य पाइपाशी असे बसले की कुठल्या बिऱ्हाडात कोण अंघोळ करतंय, कोण भांडी घासतंय, हे त्यांना कळे. बायकोने एकदा धीर करून सांगितलं की हे बरं दिसत नाही. ते गंभीर झाले. म्हणाले, "वहिनी, मले मानूस नाई आयकू येत. मले नळच आयकू येते." आणि खरंच तसं होतं. माणसांचं बोलणं त्यांच्या कानात अर्धवटच शिरत असे. नळाशी ते अरे-तुरे करत, माणसांना अहो-जाहो. स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलालासुद्धा तुमी म्हणत.

पाना ते सगळ्यात शेवटी काढत. "हाती पाना आला का डोकं बंद होते," हे त्यांचं आवडतं वाक्य. नळाला कोणी जोर लावून पिळायला लागलं की म्हणत, "दम देऊ नका त्याले, तो काई सरकारी नोकर नाई." त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या शेजारी एक जुनं पितळी प्रेशर गेज, दोन्ही रोज पुसलेली.

आता भांडणाचं. एका उन्हाळ्यात मी महिनाभर मोजून सिद्ध केलं, की शेजारच्या बिऱ्हाडाच्या नळाला आमच्यापेक्षा दहात एक भाग पाणी जास्त येतं आणि घरमालकाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तर दहात दोन. कागदावर रकाने आखून, खाली सही करून, मी तो त्यांना दिला. त्यांनी वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन आले. स्वतःच्या स्वयंपाकघरातला जाड पितळी नळ त्यांनी काढून आणला होता. तो आमच्याकडे बसवला आणि आमचा काढून त्यांच्याकडे नेला. जाताना म्हणाले, "घ्या. आता तुमची तक्रार मिटली, माही सुरू झाली."

त्यांच्या बायकोला स्वयंपाकाचं पाणी भरायला जास्त वेळ लागू लागला. ती रोज माझ्या बायकोला ऐकवी, आमचा नळ घेतला तुम्ही, आता चहा तरी पाजा. बायकोने तो पाजलाही, आणि मला मात्र वर्षभर ऐकवलं. त्यांचं ते नळ बदलणं मला टोमणा वाटलं होतं. हा माणूस टोमणा मारतच नाही, त्याला न्याय एवढाच समजतो, हे कळायला मला वेळ लागला. तोवर आम्ही अमरावतीत घर बांधून निघून आलो होतो. नंतर मुलीच्या लग्नाचं आमंत्रण गेलं. ते आले, जेवले, आणि मंगल कार्यालयातल्या हात धुवायच्या नळाचा वॉशर बदलायला हवा असं व्यवस्थापकाला सांगून गेले. माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही.

म्हणून मला फोन करायला संकोच होता. बायकोने केला. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला म्हणे : फोडलं तं नाई ना अजून?

सोमवारी सकाळी ते शेअर ऑटोने आले. सत्तरी ओलांडलेली, पाठ थोडी वाकलेली, पिशवीत लोटा आणि काठी. मी माझा कागद पुढे केला. त्यांनी तो आदराने हातात घेतला, नीट वाचला आणि म्हणाले, "आकडे बराबर असतील. तुमचे असतातच." मग कागद मला परत देऊन त्यांनी विचारलं की मागच्या न्हाणीघरातला नळ जास्त कोण वापरतं.

मी म्हटलं, कोणी नाही, मुलीसाठी ठेवलंय. बायको म्हणाली, कपडे धुवायला ताई वापरते. ताई म्हणजे आमच्याकडे धुणं-भांडी करणारी बाई. त्यांनी मला तिथेच सोडलं आणि तिच्याकडे गेले. मिस्त्रीने किंवा मी तिला काही विचारलंच नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

ताई म्हणाली, "पयले धो धो येते ना दादा, मंग रुसते."

"किती वेळानं रुसते?"

"कपड्याचा पिळा भिजते न भिजते तोवर."

"कवापासून?"

"टाकी धुतली त्याच्या दुसऱ्या दिसापासून."

मग ते न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसले आणि नळ उघडला. बडनेरा, टाकळी, कुरुम, माना. पहिला लोटा भरला. ओतला. दुसरा, तोही मान्याच्या थोडा पुढे. ओतला. तिसरा धरला. मंडुरा, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव, येउलखेड, अकोला. लोटा निम्मासुद्धा नव्हता. गायगाव, पारस, नागझरी. तेव्हा कुठे काठाला लागला.

"हा शेगावले गेला दर्शनाले," ते म्हणाले.

त्यांनी नळ बंद केला, थोडा वेळ थांबले, आणि पुन्हा उघडला. पुन्हा पहिला लोटा मान्याला. पुन्हा तिसरा शेगावला. हे त्यांनी पाच वेळा केलं. मी दारात उभा राहून घड्याळ लावत होतो. पहिला सात, दुसरा आठ, तिसरा सत्तावीस. मनात बेरीज केली : पहिले दोन लोटे पंधरा सेकंद, उरलेले तेरा सत्तावीसच्या हिशेबाने. सहा मिनिटं सहा सेकंद. माझ्या कागदावरचा आकडा जवळपास तोच. आकडा खरा होता आणि तरी त्याने मला काही सांगितलं नव्हतं.

"तुमी पुरी बादली मोजली," ते म्हणाले. "बादलीत पयल्या लोट्याचं पानी आन तिसऱ्या लोट्याचं पानी एकच होते. पाइप बुजला असता, तं पयलाच लोटा उशिरा भरला असता. क्षार काई नळ बंद केला का बाजूले सरकून बसत नाई. हे येनं-जानं करनारं हाये. पानी चाललं का तोंडाशी येते, थांबलं का मांगं जाते."

मी म्हटलं, पण टाकी तर आताच धुतली आहे. मी स्वतः उभा होतो, पावती आहे. त्यामुळेच झाकण उघडून पाहायचं ना मला सुचलं, ना मिस्त्रीला.

"धुतल्यावर कोनी काई टाकलं काय टाकीत?" त्यांनी ताईला विचारलं. ताई म्हणाली की तिला नाही मालूम. पण म्हणताना तिने अंगणाकडे, आईच्या खुर्चीकडे पाहिलं. मला ते दिसलं, म्हणजे त्यांना दिसलंच असणार.

मी टॉर्च घेऊन जिन्याकडे निघालो. त्यांनी मला थांबवलं आणि बायकोला चहा मागितला. मग दुसरी खुर्ची ओढून आईजवळ बसले. मला वाटलं, आता हा माणूस सकाळ घालवणार.

त्यांनी आईला मावशी म्हटलं, गुडघ्यांची चौकशी केली. माहेर कुठलं विचारलं. आई म्हणाली, नांदगाव खंडेश्वरजवळचं एक गाव, सासरही तिथून दोन कोसांवर. विहीर होती का? होती ना, मोठी, पायऱ्यांची. पाणी गोडं का? गोडं. दरसाल उपसत होते? दरसाल, अक्षय्य तृतीयेच्या आधी.

"उपसल्यावर काय करत?" त्यांनी विचारलं.

 चहा आला, तो आईने हातात घेतला नाही. मग म्हणाली, "ओटी भरत. आसराईची."

वऱ्हाडात विहिरीत साती आसरा राहतात असं जुन्या बायका मानतात. विहीर ढवळली की त्यांची खणा-नारळाने ओटी भरायची, नाहीतर गरोदर बाईला आणि लेकराला त्रास होतो. माझ्या घरात ही गोष्ट कोणी काढली नव्हती, कारण मी असल्या गोष्टींवर बोलतो. बोलतो म्हणजे चेष्टाच करतो.

"काढू नका," आई म्हणाली. ती त्यांच्याशी बोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "पोरगी बाळंतपणातून सुटेपर्यंत राहू द्या."

मी विचारलं, ती वर गेली कशी. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. ताईने स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं की आजी एकेका पायरीवर बसत बसत चढल्या, स्टुलावर ताई उभी राहिली आणि झाकण तिनेच उघडलं. मी आणि बायको बँकेत गेलो होतो तेव्हा.

मी काहीतरी बोलणार होतो. काय, ते आता आठवत नाही, पण चांगलं नसणार. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि आईला म्हणाले, "सांगा मावशी. काहून राहू द्यायची?"

मग आईने जे सांगितलं ते मला पंचावन्न वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. त्या वर्षी विहीर उपसली आणि घरात कोणीतरी आजारी, कोणीतरी परगावी, ओटी भरायची राहून गेली. मुलगी नऊ दिवस जगली. सासूने आयुष्यभर बोलून दाखवलं नाही, पण ओटी राहिली हे दोघींना माहीत होतं. "मले मालूम हाये, टाकी म्हंजे विहीर नाई," आई म्हणाली. "पन धुतली ना रे तुमी ती. पोरीसाठीच धुतली. मंग मी कशी राहू देऊ?"

 बायकोने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी एकच दिसत होतं : ओटी काढली तर आई झोपणार नाही, नाही काढली तर नळ चालणार नाही. आणि मुलीला नऊ दिवसांनी आणायचंय, नऊमधला एक दिवस गेलाच आहे.

ते मात्र वेगळंच विचारत होते. "ओटी पान्यात पायजे, का टाकीत कुटंही चालते?"

"पान्यात पायजे," आई म्हणाली.

"पान्यात कुटंही?"

आईने विचार केला. "कुटंही. पान्यात असली म्हंजे झालं."

"मंग झालं," ते म्हणाले आणि चहा संपवला.

आम्ही दोघं वर गेलो. काळी टाकी, मी झाकण काढून टॉर्च धरला. लाल खणाची पुरचुंडी होती, आत तांदूळ, सुपारी, हळकुंड असावं. गाठीचा भाग वजनाने तळाशी बसला होता, आणि खणाची दोन मोकळी टोकं पाण्यात तरंगत होती. त्यांनी खाली बायकोला हाक मारून मागचा नळ उघडायला सांगितलं. दोन लोट्यांइतका वेळ काही झालं नाही. मग ती टोकं हळूहळू सरकली, बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी गेली आणि हाताने बूच लावावं तशी चिकटली. नळ बंद केल्यावर सुटून परत आली. विहिरीला तळ असतो, टाकीला तोंडही असतं. एवढाच फरक आईच्या ध्यानात आला नव्हता. चौसष्ट हजारांचं कारण ते दोन इंच कापड होतं.

ते बराच वेळ तसेच वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या मायले विहिरीले हात लावू देत नव्हते. लांब घागर घेऊन उभी राहे. कोनी वतलं तं वतलं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. लोटा भरायला किती वेळ लागला हे सांगावं तसं सांगितलं. सहा वर्षं त्यांच्या घरात राहून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

मग ते कठड्याशी गेले आणि खाली वाकून म्हणाले, "मावशी, याले माहा हात लागंन. चालंन काय? सांगा तसं."

आई वर पाहत होती. ती काय म्हणेल याची मला भीती वाटली. तिच्या गावची, तिच्या वयाची बाई, आणि प्रश्न इतका उघडा.

"तवा कोनी विचारत नव्हतं," आई म्हणाली. "तू विचारून राहिला. लाव बापा."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून अठरा रुपयांची नायलॉनची दोरी आणली. त्यांनी बाही वर करून खांद्यापर्यंत हात टाकीत घातला, पुरचुंडी वर घेतली, मोकळी टोकं गाठीतच खोचली आणि दोरीने पक्की आवळली. मग वितीने मोजलं. टाकीत पाणी जिथून येतं ती बाजू, तिथून बाहेरच्या तोंडापर्यंत साडेतीन फूट. दोरी ठेवली दोन फूट. एक टोक आत येणाऱ्या पाइपाला बांधलं आणि पुरचुंडी पुन्हा पाण्यात सोडली. ती कितीही ओढली गेली तरी दीड फूट अलीकडेच थांबणार. पिशवीतला पाना शेवटपर्यंत पिशवीतच राहिला.

खाली येऊन मी स्वतः मोजलं. पहिला लोटा सात सेकंद, तिसरा सात, दहावा सात. पंधरावा सात. मी बादली ओतली आणि पुन्हा भरली, काही गरज नसताना. बायको हसायला लागली, मग रडायला लागली, मग अकोल्याला फोन लावायला गेली.

मिस्त्रीला बोलावून घ्या, असा त्यांचा हट्ट. तो संध्याकाळी आला. टाकीत कापड अडकलं होतं, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. कोणी टाकलं ते नाही. मिस्त्री ओशाळला, आगाऊ घेतलेले पाच हजार काढून माझ्या हातात दिले. घरमालकांनी त्यातले पाचशे माझ्या हातातून घेऊन त्याच्या खिशात घातले. गच्ची चढला होता, जोड खोलला होता, ती मजुरी झालीच की, म्हणाले. मिस्त्री गेल्यावर मी त्यांना त्यांचे किती द्यायचे ते विचारलं. ऑटोचे येण्याचे-जाण्याचे तीस रुपये घेतले. बाकीचं विचारलं तर म्हणाले, "काम कुटं झालं? पोरगी सुटू द्या." आठ दिवसांनी फोनवर विचारलं, हेच उत्तर. आणखी एकदा विचारलं तेव्हा चिडले.

मुलगी ठरल्या दिवशी आली. जावयांनी गाडीतून बॅगा उतरवल्या आणि ती सरळ मागच्या न्हाणीघरात गेली. मी बैठकीत पेपर धरून बसलो होतो. बादली भरल्याचा आवाज येत होता, एकसारखा, मध्ये कुठेही न उतरता. मी पेपर वाचला नाही. एप्रिलच्या अखेरीस तिला मुलगी झाली, अडीच किलोच्या थोडी वर, दोघी सुखरूप. मालीश करणारी बाई रोज येऊन पहिल्या दिवसापासून पाण्याला शाबासकी देत होती, आणि आई ती शाबासकी गप्पपणे ऐकत होती. नववा दिवस गेला त्या संध्याकाळी आई बाळाच्या पाळण्याजवळून उठलीच नाही. दहाव्या सकाळी तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सव्वा महिना झाल्यावर आई म्हणाली, आता ओटी काढायची, आणि ज्याने बांधली त्यानेच काढायची. ते आले. वर गेले, दोरी सोडली, पुरचुंडी खाली आणून आईच्या ओंजळीत ठेवली. पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. जावई तिथे होते, मिस्त्रीही होता, कारण त्या दिवशी त्याला मी पुढच्या नळाचा वॉशर बदलायला बोलावलं होतं. सगळ्यांसमोर आई म्हणाली, "हे मी टाकलं होतं. पैसे मी देतो. पोराचे घेऊ नको."

कमरेचा बटवा सोडून तिने नोटा काढल्या आणि वर एक नाणं ठेवलं. एकशे एक.

त्यांनी हात पुढे केला नाही. "मावशी, हे दक्षिना हाये का मजुरी?"

आईने बटव्याची दोरी आवळली. "मजुरी," ती म्हणाली.

"मंग वरचा रुपया नाई लागत," म्हणून त्यांनी नाणं तिच्या हातात परत ठेवलं, नोटा मोजल्या आणि खिशात घातल्या.

शेवटी दिले ते शंभर रुपये. आईने, त्यांना.